रस्त्यावरील जखमी वन्यप्राण्यांचे बचावकार्य

रस्त्यावरील जखमी वन्यप्राण्यांचे बचावकार्य म्हणजे वाहनाच्या धडकेने अथवा अन्य कारणाने जखमी होऊन रस्त्यावर किंवा रस्त्याच्या कडेला आढळलेल्या वन्य प्राणी-पक्ष्यांना सुरक्षित ठेवणे, त्यांची माहिती वन विभागास कळविणे, त्यांना उपचार केंद्रापर्यंत पोहोचविणे आणि बरे झाल्यावर पुन्हा निसर्गात सोडणे ही संपूर्ण प्रक्रिया होय. यातील उपचार आणि मुक्तता हे टप्पे तज्ज्ञांचे असले, तरी पहिला टप्पा बहुतेक वेळा वाटसरूच्या हाती असतो. ट्रकचालक, एस. टी. चा वाहक, दुचाकीस्वार किंवा पहाटे शेतावर निघालेला गावकरी यांपैकी कोणाच्या तरी नजरेस तो प्राणी प्रथम पडतो. त्या पहिल्या अर्ध्या तासात काय केले जाते, आणि विशेषतः काय केले जात नाही, यावर प्राण्याचे जगणे पुष्कळदा अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

वन्यप्राणी रस्त्यावर येण्याची कारणे प्राण्यागणिक वेगळी आहेत. बिबट्या, तरस, कोल्हा, रानमांजर, उदमांजर हे प्राणी रात्री भक्ष्य शोधत दूरवर फिरतात आणि त्यांच्या नेहमीच्या वाटा रस्त्याने मध्येच तोडलेल्या असतात. चितळ, नीलगाय, रानडुक्कर हे पाणी आणि पिके यांच्या दिशेने जाताना रस्ता ओलांडतात. धान्याची वाहतूक होणाऱ्या मार्गांवर सांडलेल्या दाण्यांमुळे उंदीर येतात, उंदरांमागे गव्हाणी घुबड आणि पिंगळा येतात, व जमिनीलगत झडप घालताना ते वाहनाच्या काचेवर आदळतात. रातवा हा पक्षी तर रात्री रस्त्यावरच बसून राहतो. दिव्यांच्या झोतात त्याचे डोळे लाल चमकतात, पण धूसर मातकट रंगामुळे तो स्वतः शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. डांबरात साठलेल्या उष्णतेसाठी सापही रात्री रस्त्यावर पसरतात. पावसाळ्याच्या आरंभी कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटांत बेडूक, खेकडे व कासवे मोठ्या संख्येने रस्ते ओलांडतात. त्यांपैकी जे चिरडले जातात त्यांची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. मेलेले जनावर रस्त्यावर पडून राहिले की ते खाण्यासाठी घारी, कोल्हे, मुंगूस येतात आणि एका अपघातातून दुसरा घडतो.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. चालकाला प्राणी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद किंवा त्याहून अधिक काळ जातो. वेगमर्यादेचे फलक ज्या टापूत लावलेले असतात तेथे ते नेमके याच हिशोबाने लावलेले असतात, हे चालकांच्या क्वचितच लक्षात येते.

मोठ्या प्राण्यांच्या काही अपघातांनी महाराष्ट्रात या प्रश्नाकडे लक्ष वेधले. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील ‘बाजीराव’ या नावाने ओळखला जाणारा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मरण पावला. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया–कोहमारा मार्गावर, नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या टप्प्यात, एका मोटारीने तरुण वाघाला धडक दिली. मागचा भाग लुळा पडलेल्या अवस्थेत रस्त्यावरून सरपटत जाणाऱ्या त्या वाघाचे चित्रीकरण समाजमाध्यमांवर सर्वत्र पसरले. उपचारासाठी नागपूरला नेत असताना तो वाटेतच मरण पावला. त्याहून आधीचे उदाहरण ‘आजोबा’ या बिबट्याचे आहे. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेल्या या बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आले होते. तेथून सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने रस्ते आणि लोहमार्ग ओलांडले, मनुष्यवस्तीजवळून प्रवास केला आणि कोणालाही इजा केली नाही. २०११ मध्ये मुंबईजवळच वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. ‘आजोबा’ (२०१४) हा मराठी चित्रपट त्याच्यावर आधारित आहे.

भीती आणि आघात

बचावकार्याची सर्व पथ्ये एका गोष्टीतून निघतात. माणूस मदतीला आला आहे हे वन्यप्राण्याला कळत नाही. त्याच्या दृष्टीने जवळ येणारा माणूस हा मोठा शिकारी असतो, आणि पळता येत नसताना शिकारी जवळ येणे हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत भयंकर प्रसंग असतो. पाळीव कुत्र्याला थोपटल्यावर तो शांत होतो. जखमी हरिणाला थोपटले तर ते डोळे मोठे करून निश्चल पडून राहते आणि माणसाला वाटते की त्याला धीर आला आहे. प्रत्यक्षात ती भीतीने आलेली निश्चलता असते.

ही भीती केवळ मनाची अवस्था राहत नाही. चितळ, काळवीट, चिंकारा, भेकर यांसारख्या खुरी प्राण्यांत पाठलाग, झटापट आणि अति ताण यांमुळे स्नायूंचा ऱ्हास होतो. पशुवैद्यकात या विकारास ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. स्नायूंतील पेशी फुटून त्यांतील रंगद्रव्य रक्तात मिसळते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, शरीराचे तापमान वाढते आणि हृदयावर ताण येतो. मृत्यू काही मिनिटांत येऊ शकतो, तसाच काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही येऊ शकतो. पाय किंचित मोडलेले काळवीट गावकऱ्यांनी धावून पकडले, चार जणांनी धरून ठेवले, शाळेच्या पटांगणात बांधले, दिवसभर लोक त्याला पाहून गेले आणि संध्याकाळी ते मेले, अशा घटनांत मृत्यूचे कारण जखमेपेक्षा ही धरपकडच असण्याचा संभव अधिक असतो. लागण झाल्यावर या विकारावर खात्रीचा उपचार नाही. गोंगाट, गर्दी आणि हाताळणी टाळणे हाच त्यावरील मुख्य उपाय होय.

घटनास्थळी करावयाची मदत

पहिली दक्षता माणसांच्या सुरक्षिततेची घ्यावी लागते. महामार्गावर प्राण्यासाठी अचानक थांबलेले वाहन हे स्वतःच अपघाताचे कारण ठरते. वाहन कडेला, शक्य तर वळण किंवा चढाच्या पलीकडे, धोक्याचे दिवे लावून उभे करावे. प्राणी रस्त्याच्या मधोमध असेल, तर त्याला हलविण्यापेक्षा मागून येणाऱ्या वाहनांना दुरून सावध करणे अधिक उपयोगी ठरते. वाहनाचा प्रखर झोत प्राण्यावर रोखून ठेवू नये.

यानंतर लगेच वन विभागास कळवावे. महाराष्ट्र वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही निःशुल्क सेवा १९२६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो न लागल्यास ११२ या आपत्कालीन क्रमांकावरून पोलिसांमार्फत निरोप पोहोचविता येतो. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक मुख्यतः पाळीव जनावरांसाठी आहे. निरोपात प्राण्याचे नाव ठाऊक नसेल तर आकार व रंग सांगावा, तो उभा आहे, बसला आहे की आडवा पडला आहे, हलतो आहे का, रक्त वाहते आहे का, हे सांगावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठिकाण. ‘घाटात, मोठ्या वळणाजवळ’ एवढ्या वर्णनावरून वनरक्षकाचा एक तास शोधण्यात जातो. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा, फाट्याचे किंवा टोलनाक्याचे नाव, आपण कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे जात आहोत, आणि भ्रमणध्वनीवरून पाठविलेले नकाशावरील स्थान ही माहिती अचूक असल्यास पथक थेट पोहोचते. शक्य असल्यास पथक येईपर्यंत तेथेच थांबावे, कारण जखमी प्राणी बऱ्याचदा सरपटत झुडपात शिरतो आणि मग त्याला शोधणे अवघड होते. तो कोणत्या बाजूला गेला हे सांगणारा एक माणूस तेथे असणे हीच मोठी मदत असते.

थांबलेल्या माणसाचे दुसरे काम गर्दी आवरण्याचे आहे, आणि अनुभव असा आहे की हेच काम सर्वांत कठीण जाते. लोक जवळ येतात, छायाचित्रे काढतात, काठीने डिवचून प्राणी जिवंत आहे का ते पाहतात. किमान ३० ते ४० मीटर अंतर, कमी आवाज आणि प्राण्याला जंगलाच्या किंवा शेताच्या बाजूने निसटण्यास मोकळी वाट, या तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ साधते. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला प्राणी काही मिनिटांत उठून चालू लागतो, हे नेहमी घडते. त्या वेळी त्याच्याभोवती कडे करून माणसे उभी असतील तर दोन्हीकडे इजा होते.

खाऊ-पिऊ घालण्याचा मोह आवरावा. अर्धवट शुद्धीतील प्राण्याच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसात शिरते. पक्ष्यांत हा धोका अधिक असतो, कारण त्यांच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते. गाईचे दूध, बिस्किट, पाव हे बहुतेक वन्यप्राण्यांना पचत नाही. जखमेवर हळद, तेल किंवा घरातील मलम लावण्याची पद्धत ग्रामीण भागात सार्वत्रिक आहे. तिच्यामागील भावना चांगली असली, तरी तेलाने पक्ष्यांची पिसे चिकटतात आणि उडण्याची व पावसापासून बचाव करण्याची त्यांची क्षमता जाते. माणसांची वेदनाशामक औषधे तर मुळीच देऊ नयेत. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांची संख्या कशी कोसळली हे सर्वज्ञात आहे. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली.

पक्षी आणि लहान प्राणी

पथक येण्यास वेळ लागणार असेल आणि वन विभागाने दूरध्वनीवरून तशी सूचना दिली असेल, तर लहान पक्षी सामान्य माणसालाही सुरक्षित ठेवता येतो. पक्ष्यावर मागच्या बाजूने पातळ सुती कापड किंवा टॉवेल टाकावा. अंधार झाला की बहुतेक पक्षी शांत होतात. दोन्ही पंख अंगाशी मिटलेल्या स्थितीत त्याला हलक्या हाताने उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखा श्वासपटल नसतो. छातीची हालचाल थांबली की श्वास थांबतो, म्हणून छाती आवळून धरू नये. खोक्याला आधीच बारीक भोके पाडावीत, तळाशी कापड किंवा वर्तमानपत्र अंथरावे आणि झाकण बंद करून ते सावलीत, शांत जागी ठेवावे. पोपटाचा पिंजरा किंवा जाळीची टोपली वापरू नये, कारण जाळीत धडपडून पंखांची पिसे तुटतात आणि साध्या दुखापतीचे रूपांतर कायमच्या अपंगत्वात होते. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहणेही टाळावे.

घार, गरुड, घुबड यांचे शस्त्र चोच नसून नख्या असतात. बगळा आणि ढोकरी यांचे उलट असते. लांब मानेच्या झटक्याने ते चोच थेट डोळ्यावर मारतात. हे पक्षी अननुभवी माणसाने उचलू नयेत. घुबडाविषयी आणखी एक अडचण आहे. ते अशुभ मानले जात असल्याने लोक त्याला हात लावीत नाहीत, आणि जादूटोण्यासाठी त्याला मागणी असल्याने काही लोक ते आनंदाने उचलून नेतात. खवले मांजर, मांडूळ आणि कासव यांच्याबाबतही तस्करीचा धोका खरा आहे. ‘मी प्राणीमित्र आहे, माझ्याकडे द्या’ असे म्हणणाऱ्या अनोळखी व्यक्तीच्या हाती प्राणी सोपविण्यापूर्वी वन विभागाशी बोलून खात्री करून घेणे आवश्यक असते. जखमी किंवा मेलेले रानडुक्कर व चितळ मांसासाठी उचलून नेणे हाही गुन्हा आहे. अपघाताचे निमित्त तेथे चालत नाही.

काही प्राणी जखमी नसतानाही तसे भासतात. खवले मांजर धोक्याच्या वेळी अंगाचा गोळा करून पडून राहते. पाकोळीचे पाय इतके आखूड असतात की सपाट जमिनीवरून उडणे तिला अवघड जाते. तिला उंचशा जागी ठेवले की ती बहुधा आपोआप उडते. पावसाळ्यात रस्ता ओलांडणारे कासव ठणठणीत असेल, तर ते ज्या दिशेने निघाले होते त्याच बाजूला रस्त्यापलीकडे ठेवावे. त्याला घरी किंवा जवळच्या तळ्यात नेऊ नये. कवच फुटलेले कासव मात्र मेले असे समजून टाकून देऊ नये. कवच हे जिवंत हाड असते, ते जुळते. कासवाला कोरड्या कापडात गुंडाळून उपचार केंद्रात पाठवावे.

साप

जखमी सापाला सामान्य माणसाने हात लावू नये, त्याची जात बिनविषारी वाटली तरी. दिवड आणि घोणस किंवा कवड्या आणि मण्यार यांची गल्लत दिवसाउजेडीही होते, मग रात्री रस्त्यावर तर होणारच. ठेचलेल्या सापाच्या डोक्यात दंशाची प्रतिक्षिप्त क्रिया मरणानंतरही काही काळ शिल्लक राहते. सापावरून चाक गेल्यावर बाहेरून जखम दिसत नसली तरी पाठीचा कणा व आतील अवयव चिरडलेले असतात, त्यामुळे दिसणाऱ्या खुणांवरून त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येत नाही. अंतर ठेवून लक्ष ठेवणे आणि वन विभागामार्फत प्रशिक्षित सर्पमित्र बोलावणे एवढेच करावे.

मोठे सस्तन प्राणी

बिबट्या, वाघ, अस्वल, तरस, लांडगा, गवा आणि रानडुक्कर यांच्याबाबत वाटसरूचे काम कळविणे आणि दूर राहणे येथेच संपते. जखमी बिबट्याच्या जवळ गेल्याने माणसे जखमी झाल्यावर जमाव त्याच बिबट्याच्या जिवावर उठतो. याची जबाबदारी प्राण्यावर टाकता येत नाही.

पथकातील पशुवैद्य परिस्थिती पाहून प्राण्याला बेशुद्ध करायचे की जाळी व पिंजऱ्याचा वापर करायचा हे ठरवितो. बेशुद्धीचे इंजेक्शन दुरून बंदुकीने मारले जाते. चित्रपटात दिसते तसा प्राणी त्यामुळे तत्काळ कोसळत नाही. औषध चढण्यास काही मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात बिथरलेला प्राणी कोठेही धावू शकतो. मात्रा प्राण्याच्या वजनावरून अंदाजाने ठरवावी लागते, आणि रक्तस्राव झालेल्या किंवा डोक्याला मार बसलेल्या प्राण्यात भुलीचा धोका अधिक असतो. गर्दीने वेढलेल्या जागी अनुभवी पशुवैद्य बंदूक उचलण्यास का कचरतो, याचे हे उत्तर आहे. हरिणवर्गीय प्राण्यांना नेताना डोळ्यांवर कापड बांधतात व त्यांना छातीवर बसलेल्या स्थितीत ठेवतात. एका कुशीवर फार काळ पडल्यास रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात वायू साठतो आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत येण्याचा धोका असतो.

पिल्ले

रस्त्यावर मेलेली मादी आढळल्यास तिच्या आसपास जिवंत पिल्लू आहे का हे दुरून पाहावे. वानराचे पिल्लू मेलेल्या आईच्या पोटाला घट्ट धरून राहते, तर खवले मांजराचे पिल्लू आईच्या शेपटीवर बसून प्रवास करते. अशा पिल्लांची माहिती तातडीने द्यावी लागते.

याउलट जे पिल्लू एकटे आहे ते अनाथच असते असे नाही. चितळाची किंवा काळविटाची मादी चरायला जाताना पाडसाला गवतात दडवून जाते आणि ते हालचाल न करता तासन्‌तास पडून राहते. रस्त्याकडेच्या गवतातून असे पाडस ‘वाचवून’ नेणे म्हणजे त्याला आईपासून तोडणे होय. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आई स्वीकारत नाही ही समजूतही खरी नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या उसाच्या पट्ट्यांत ऊसतोडीच्या हंगामात बिबट्याचे बछडे वरचेवर सापडतात. तपासणीनंतर ते बछडे सापडलेल्या जागीच खोक्यात किंवा टोपलीत ठेवून कॅमेऱ्याने पाळत ठेवली जाते. रात्री मादी येऊन त्यांना तोंडात धरून नेते, असे अनेकदा यशस्वीपणे घडलेले आहे. पुनर्भेटीची ही पद्धत रानमांजराच्या पिल्लांसाठीही वापरतात. रानमांजराची पिल्ले बिबट्याची म्हणून आणि क्वचित बिबट्याची पिल्ले मांजराची म्हणून घरी नेली जातात, तेव्हा छायाचित्र पाठवून ओळख पटवून घेणे श्रेयस्कर असते.

माणसाच्या आरोग्यास असलेला धोका

रेबीज हा रोग कुत्र्यांपुरता मर्यादित नाही. कोल्हा, लांडगा, मुंगूस अशा कोणत्याही सस्तन प्राण्याच्या चाव्यातून किंवा लाळ जखमेवर लागल्याने तो होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. माणसाला न घाबरता भरदिवसा रस्त्यावर फिरणारा, लाळ गाळणारा, तोल जाणारा कोल्हा हा अपघातग्रस्त नसून रोगग्रस्त असू शकतो. चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्यावी. बचावकार्य नियमितपणे करणाऱ्या व्यक्ती ही लस आधीच घेऊन ठेवतात.

सिंधुदुर्गातील दोडामार्ग व सावंतवाडी आणि गोव्यातील सत्तरी या तालुक्यांत माकडताप आढळतो. या रोगाचा विषाणू गोचिडीमार्फत पसरतो आणि त्याने माकडे मरतात. त्यामुळे या भागात आजारी किंवा मेलेले माकड दिसल्यास ते वाहनाच्या धडकेने मेले असे गृहीत न धरता त्यापासून लांब राहावे आणि वन विभागाबरोबर आरोग्य केंद्रासही कळवावे. वटवाघळांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये. महाबळेश्वर येथील गुहेतील वटवाघळांत २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांतून निपाह विषाणूच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला होता.

कायदेशीर बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार संरक्षित वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. असा प्राणी कोणत्याही मार्गाने ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे तशी खबर देणे बंधनकारक आहे आणि मागणी झाल्यास प्राणी स्वाधीन करावा लागतो. सद्‌हेतूने उचलून आणलेला पोपट किंवा ससा ‘बरा होईपर्यंत’ घरी ठेवणे आणि पुढे त्याचा लळा लागणे हे वारंवार घडते. कायद्याच्या दृष्टीने तो बेकायदेशीर ताबा ठरतो. ‘शिकार’ या शब्दाची अधिनियमातील व्याख्या व्यापक आहे. तीत मारण्याबरोबरच पकडणे आणि जखमी करणे यांचाही समावेश होतो, आणि वन्यप्राण्यास धडक देऊन पळून गेलेल्या चालकांविरुद्ध या अधिनियमाखाली गुन्हे नोंदविले गेले आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचींची फेररचना झाली आणि दंडाच्या रकमाही वाढल्या.

पोलीस चौकशीचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने पुष्कळ लोक न थांबता निघून जातात. खबर देणाऱ्यावर प्राणी पकडण्याची वा त्याला पोहोचविण्याची सक्ती नसते. वन विभागाचे कर्मचारी घटनास्थळी पंचनामा करतात व त्यात साक्षीदाराचे म्हणणे नोंदविले जाऊ शकते, एवढेच.

बरा न होणारा, वेदनेने तळमळणारा प्राणी पाहून त्याला ‘सोडवावे’ असे एखाद्याला वाटते. हा निर्णय वाटसरूचा नाही, तसाच तो एकट्या पशुवैद्याचाही नाही. अनुसूची १ मधील प्राणी बरा होण्यापलीकडे अपंग किंवा रोगग्रस्त झाला असल्यास त्याला मारण्याची परवानगी अधिनियमाच्या कलम ११ खाली राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने देऊ शकतात. असा आदेश मिळेपर्यंतचा काळ पथकासाठी फार कठीण असतो, कारण तेवढ्यात वेदना कमी करण्यापलीकडे त्यांना काही करता येत नाही.

उपचार आणि मुक्तता

नागपूरमध्ये सेमिनरी हिल्स येथे वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. देशातील या स्वरूपाचे ते पहिले केंद्र मानले जाते. नागपूरजवळच गोरेवाडा येथे बचाव केंद्र आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. पुण्यात बावधन येथील उपचार केंद्र वन विभाग व ‘रेस्क्यू’ ही संस्था मिळून चालवितात. जुन्नरजवळील माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रात ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेचे पशुवैद्य काम करतात. मुंबई परिसरात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे बचाव पथक आहे. राज्याच्या उरलेल्या भागात मात्र जखमी प्राणी बहुधा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचतो, जेथील डॉक्टरांचा रोजचा अनुभव गाई-म्हशींचा असतो. केंद्रांचे हे विषम वाटप ही व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या दुर्गम भागातून नागपूर-पुण्यापर्यंतचा प्रवास गंभीर जखमी प्राण्याला बहुधा झेपत नाही.

केंद्रात प्रथम शॉक आणि निर्जलीकरण यांवर उपचार होतात. मोडलेले हाड त्यानंतर पाहिले जाते. पक्ष्याच्या पंखाचे हाड जुळले म्हणजे तो बरा झाला असे होत नाही. शिकारी पक्ष्याला पूर्ण वेगाने उडता, वळता आणि झडप घालता आली पाहिजे, म्हणून मोठ्या पिंजऱ्यांत त्याच्याकडून उडण्याचा सराव करून घेतात. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत माणसाची सवय लागू न देणे हे उपचाराइतकेच महत्त्वाचे मानले जाते. हाताने दूध पाजलेले आणि नावाने हाक मारलेले वानर किंवा कोल्हा पुढे जंगलात सोडता येत नाही. ते वस्तीत शिरते आणि त्याचे आयुष्य पिंजऱ्यात सरते.

प्राणी शक्य तो जेथे सापडला त्याच्या जवळच सोडावा, हे तत्त्व महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, जेथे बिबटे सोडले त्या जंगलांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले. अनोळखी प्रदेशात टाकलेला प्राणी आपल्या मूळ जागेकडे परतू पाहतो, इतरांच्या हद्दीत शिरतो आणि पुन्हा रस्ते ओलांडतो. हेच लहान प्रमाणात सापालाही लागू पडते. गावात पकडलेला साप ‘चांगल्या जंगलात’ कित्येक किलोमीटर दूर सोडणे त्याच्या हिताचे नसते.

अपघात टाळण्याचे उपाय

बचावकार्याची गरज मुळातच कमी करणारा उपाय रस्त्याच्या रचनेत आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या रुंदीकरणाचा वाद न्यायालयात गेल्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत महामार्ग खांबांवर उचलून त्याखाली वन्यप्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवण्यात आले. त्यांची रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत १८ जातींचे वन्यप्राणी या मार्गांचा वापर करीत असल्याचे आढळले आणि वाघांच्या ये-जा करण्याच्या ८९ नोंदी झाल्या. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गावरही वन्यप्राण्यांसाठी भुयारी आणि उन्नत मार्ग बांधले आहेत. जुन्या, अरुंद राज्य मार्गांवर अशी बांधकामे करणे खर्चिक असल्याने तेथे गतिरोधक, रात्रीची वाहतूकबंदी आणि कडेची झुडपे छाटून दृश्यता वाढविणे असे साधे उपाय योजले जातात. हे उपाय कोठे करावेत हे ठरविण्यासाठी अपघातांच्या नोंदी लागतात, आणि त्या वाटसरूंनी दिलेल्या खबरींतूनच तयार होतात. मेलेल्या प्राण्याची खबर देणेही याच कारणासाठी उपयुक्त असते. ज्या किलोमीटरच्या दगडाजवळ चार वर्षांत सहा उदमांजरे मेली, तेथे प्राण्यांची वाट आहे हे कोणत्याही नकाशावर आधी लिहिलेले नसते.